उघडे राहिलेले दगड

आमची आत्या दगड उचलायची दोन्ही हातांनी आणि ठेवायचीही दोन्ही हातांनी. उचलणं कुणालाही येतं, असं तिचं म्हणणं. ठेवताना घाई करतो तो माणूस या कामाचा नाही.

काम होतं गळाला लावायचं आमिष गोळा करण्याचं. आमच्या किनाऱ्यावर मोठी ओहोटी रात्रीच लागते. पाणी इतकं मागं सरतं की एरवी बुडालेला चिखल आणि त्यापलीकडचे दगड उघडे पडतात. चिखलात लांब, लालसर किडे असतात. दगडांखाली नुकतीच कात टाकलेले खेकडे दडून बसलेले असतात. त्यांची पाठ इतकी मऊ की बोट लावलं तर खळगा पडावा. मासा यांच्यावर जीव टाकतो, म्हणून गळ टाकणारेही जीव टाकतात. आत्या कपाळाला दिवा बांधून जायची आणि उजाडायच्या आत बादलीवर खाऱ्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट टाकून परत यायची. ती बादली थेट धक्क्याजवळच्या गळ-दोरीच्या दुकानात. घरी आली की आधी पाय धुवायची, मग चहा मागायची. आम्हा भावंडांची ती आत्या, पण दुकानदारापासून बोटवाल्यांपर्यंत सगळे तिला आत्याच म्हणायचे.

दगडांचा नियम तिनेच सगळ्यांना शिकवला होता. दगडाची वरची बाजू काळपट, शेवाळाची. खालची बाजू फिकी, ओली, आणि तिला चिकटून राहणारं बारीकसारीक जग: अंडी, गोगलगायी, बोटाच्या पेरापेक्षा लहान मासे. दगड उचलला, खेकडा घेतला, की दगड होता तसाच, त्याच खाचेत, त्याच अंगावर परत ठेवायचा. उलटा राहिला तर खालचं उन्हानं मरतं आणि वरचं अंधारात कुजतं. मग तिथं वर्षभर काही येत नाही. "छप्पर तू उचललंस ना, मग छप्पर तूच घालायचं," असं ती नवख्याला सांगायची. जो दगड उघडे टाकेल त्याची बादली दुकानदार घेणार नाही, हे सगळ्यांनी मिळून ठरवलेलं. आणि आमच्या गावात दुकान एकच.

किनाऱ्यावर जाणारे पाच जण. आत्या, पूर्वी जहाजांना रंग देणारा लंबू, कायम एकत्र फिरणारे दोघे भाऊ, ज्यांना सगळे जोडी म्हणत, आणि नवी. नवीला येऊन दीड वर्ष झालं होतं, तरी ती नवीच. ज्या लाँड्रीत ती कामाला होती ती बंद पडल्यावर ती एकदा दुकानात येऊन विचारत होती, की हे काम कुणी शिकवेल का. जोडीतला थोरला म्हणाला, हे काय इस्त्री आहे का, शिकलं की जमलं. आत्यानं मात्र तिला त्याच महिन्यात बरोबर नेलं. कुदळ कशी धरायची, किड्याचं बीळ कुठून फोडायचं, तुटलेला किडा बादलीत का ठेवायचा नाही (एक नासका बाकीच्यांना नासवतो), सगळं दाखवलं. नवीची बोटं हलकी होती. सहा महिन्यांत तिची बादली लंबूच्या बादलीएवढी भरू लागली, वर्षभरात आत्याच्या.

मग एका सकाळी ती आत्याच्या बादलीहून जास्त भरली.

दुकानदार बादल्या टाकीत रिकाम्या करत होता. हसत म्हणाला, "आत्या, चेलीनं गुरूला मागं टाकलं बरं का. आता तुम्ही खुर्ची टाकून बसा, चहा आम्ही पाजू." सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं आत्या हसली. नवी तेवढी हसली नाही. ती म्हणाली, आत्यांनी मला चांगली जागा दाखवली म्हणून, आणि गोणपाट पिळायला बाहेर गेली. हे तिनं मनापासून म्हटलं होतं. आत्याला नेमकं तेच टोचलं, असं तिनं मला फार पुढे सांगितलं. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, म्हणाली. टोमण्याला उत्तर देता येतं.

पुढच्या मोठ्या ओहोटीला आत्या कुणाची वाट न बघता लवकर निघाली आणि थेट सगळ्यात बाहेरच्या दगडांकडे गेली. पहिल्याच दगडाखाली दोन खेकडे होते. दुसऱ्याखाली एक. तिसऱ्याखाली पुन्हा दोन. इतके एका रात्रीत तिनं कधी पाहिले नव्हते. पहिले काही दगड तिनं रीतसर परत ठेवले. मग एक नुसता कलता सोडला. मग ठेवणं थांबलंच. परत येताना ठेवीन, असं तिनं स्वतःला सांगितलं. पाणी फिरायला किती वेळ आहे हे तिला घड्याळाशिवाय कळायचं, त्या रात्रीही कळत होतं. ती दगडामागून दगड उलटत गेली, बादली जड होत गेली, आणि घोट्याला पाणी लागलं तेव्हा तिनं मागं वळून पाहिलं.

दिव्याच्या उजेडात दगड पोट वर करून पडले होते. फिकी पोटं, आणि त्यांवर इकडून तिकडे पळणारे बारीक जीव. चाळीसच्या वर असतील. तिनं तीन परत ठेवले. चौथ्याला हात घातला आणि कमर धरली. ती तशीच उभी राहिली, आणि मग बादली उचलून किनाऱ्याकडे चालू लागली.

दुकानात त्या सकाळी तिच्या बादलीवर सगळे वाकून बघत होते. लंबूनं विचारलं, कुठून गं एवढे? "धक्क्याच्या भिंतीकडनं," आत्या म्हणाली. पुढे ती सांगायची, खोटं बोलायला कष्ट पडतात म्हणतात, ते काही खरं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या ओहोटीला पाणी फार मागं गेलं नव्हतं. तरी लंबूला सायकलवरून जाताना रस्त्यावरूनच दिसलं. गुडघाभर पाण्याखालून ते दगड पांढरे चमकत होते, एवढ्या लांबून मोजता येतील इतके. तो तसाच दुकानात गेला आणि संध्याकाळी सगळ्यांना दुकानाच्या मागच्या खोलीत बोलावलं गेलं. तिथं आमिषाच्या टाक्या होत्या, त्यांत नळ्यांतून हवेचे बुडबुडे सोडलेले, त्यामुळे कुणी गप्प बसलं तरी खोली गप्प बसत नसे.

जोडीतला धाकटा म्हणाला, परवा रात्री नवीचा दिवा बाहेरच्या बाजूला जाताना आम्ही पाहिला. नवी म्हणाली, हो, गेले होते, पण चिखलापर्यंतच. माझ्या बादलीत किडे होते, खेकडा एकही नव्हता, दुकानदारांना विचारा. दुकानदार म्हणाला, खेकडे काय, दुसऱ्या गावातही विकता येतात. लंबूनं मान डोलावली. थोरला हळूच पुटपुटला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आयत्या बिळावर नागोबा." दुकानदारानं विचारलं, तिथं आणखी कुणी होतं का? नवीनं आत्याकडे पाहिलं. आत्या टाकीतल्या बुडबुड्यांकडे पाहत होती.

"मी नाही केलं," नवी म्हणाली. एवढंच.

मग दुकानदार आत्याकडे वळला. म्हणाला, तुम्ही वडीलधाऱ्या, नियमही तुमचाच, तुम्ही सांगाल ते. आणि आत्या म्हणाली, "नियम तो नियम."

नवीनं कोपऱ्यातली आपली बादली उचलली आणि गेली. थोरला म्हणाला, चला, सुंठीवाचून खोकला गेला. या वेळी कुणी हसलं नाही.

त्या रात्री जेवताना आईनं आत्याची बाजू घेऊन भरभरून बोलायला सुरुवात केली. गावभर झालंय म्हणे, बेकरीतही तेच बोलत होते. बरं केलंत वन्सं, अशांना वेळीच वठणीवर आणायला हवं, तुम्ही एवढं शिकवलंत आणि तिनं पांग फेडले ते असे. आत्यानं घास तोंडात धरून ठेवला. मग उठली आणि हात धुवायला गेली. बराच वेळ नळ चालू होता. बाबा ओरडले की पाणी जातंय.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. आत्याच्या मनात ते पंधरा दिवस होतं. कुणी दार वाजवलं की ती आतल्या खोलीत जायची. दुकानाकडून जायचं टाळायला मागच्या गल्लीनं वळसा घालायची. लंबू तिची चौकशी करायला आला तर तिनं मला सांगायला लावलं, झोपली आहे. पुढची मोठी ओहोटी आली तेव्हा अंगात कणकण आहे म्हणून पांघरूण घेऊन पडली. मी कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ गार होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि कूस बदलली.

सकाळी ती मला म्हणाली, "चल माझ्याबरोबर. एकटी गेले तर अर्ध्या वाटेतून परत येईन."

वाटेत तिनं मला सगळं सांगितलं, चालता चालता, माझ्याकडे न बघता. मी तिच्यापेक्षा एक पाऊल मागं चालत राहिले.

नवी एका सायकल-दुरुस्तीच्या दुकानावर राहत होती. बाहेरून लोखंडी जिना, वर एकच खोली. आत दोरीवर इस्त्रीचे शर्ट ओळीनं टांगलेले, सगळे परक्या मापांचे. बादली गेल्यावर तिनं लोकांचे कपडे घ्यायला सुरुवात केली होती. खिडकीजवळ खाटेवर तिची सासू. डोळ्यांवर पडदा आलेला, पण कान तिखट. नवी इस्त्री करत होती. आम्हाला पाहून थांबली नाही.

आत्या उंबऱ्यातच उभी राहिली. आवाज एकदम बारीक करून म्हणाली, "ते दगड मी टाकले."

"माहितीये." नवीनं शर्टाची बाही पालथी घातली. "पाय भरून आले म्हणून दिवा बंद करून चिखलाच्या कडेला बसले होते. तुम्हालाच बघत होते."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

इस्त्री बाहीवरून शेवटपर्यंत गेली आणि परत आली. "मला वाटलं तुम्ही बोलाल."

खाटेवरून सासूनं विचारलं, कोण आलंय गं? नवी म्हणाली, किनाऱ्यावरच्या आत्या. म्हातारी हातांनी चाचपडत उठून बसायला लागली. बसा, बसा, म्हणाली. ही तुमचं फार नाव काढते. तुम्ही होतात म्हणून आमच्या घरात चूल पेटली. आणि मग हसून, तक्रार करावी तसं, "पण काय हो, ही म्हणते सध्या ओहोटीच लागत नाही. एवढे दिवस कधी समुद्र भरलेला राहतो का? कधी लागायची आता ओहोटी?"

नवीनं सासूला काही सांगितलंच नव्हतं. आत्याला घालवून दिलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर तिनं त्या उभ्यानं ऐकून घेतल्या असत्या, त्यासाठीच ती आली होती. पण या म्हातारीनं तिच्यासाठी खाटेवर जागा केली होती आणि त्या जागेवर हात थोपटत होती. आत्या बसली नाही. शेवटी मीच म्हटलं, लागेल आजी, लवकर लागेल. आणि आम्ही निघालो.

नवी जिन्यावर आमच्या मागे आली. दार मागून ओढून घेतलं. आत्या म्हणाली, आज दुकानात सांगते, उद्यापासून तू ये. नवीनं मान हलवली.

"मला बोलवायला तुम्ही यायचं नाही. ज्यांनी जा म्हटलं, ते येतील. आणि दुकानापुरतं नाही. माझं नाव जिथं जिथं गेलंय, तिथं तिथं आता तुमचं जाऊ दे. या खालच्या सायकलवाल्यापर्यंत. तो मला वरच्या मजल्यावरची चोर म्हणतो. गमतीत म्हणतो." तिनं दार नीट लागलंय का ते पुन्हा ओढून पाहिलं. "ते झालं तर मी येईन. तुमच्याशी बोलेन असं नाही म्हणत."

सायकलवाल्यापासूनच सुरुवात झाली, कारण तो जिन्याच्या पायथ्याशीच बसला होता. चाक उलटं करून ट्यूबमधली हवा पाण्यात बघत होता. आत्यानं त्याच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं, हात पुसले आणि वर दाराकडे पाहिलं. मग पुन्हा चाकाकडे वळला. त्याचे कान लाल झाले होते.

दुकानात अवघड जाईल असं मला वाटलं होतं. तिथं सगळ्यात सोपं गेलं, आणि आत्याला तेच सहन झालं नाही. लंबू म्हणाला, वय झालं आत्या, कमरेचं दुखणं, होतं असं. थोरल्यानं स्टूल पुढं सरकवलं. दुकानदारानं चहा सांगितला आणि म्हणाला की खरं तर मला तेव्हाच शंका आली होती, भिंतीकडे एवढे खेकडे कधी मिळतात? पण तुमचं नाव कसं घेणार?

"तिचं कसं घेतलंत?" आत्यानं विचारलं.

टाकीतले बुडबुडे ऐकू येत राहिले. चहा आला, पण कुणी उचलला नाही. आत्या म्हणाली, मला वयाचं निमित्त नको. कमर मी दगड टाकून झाल्यावर धरली, आधी नाही. तिची बादली एक मोठी ओहोटी बंद होती, माझीही तेवढीच बंद ठेवा. आणि तिला बोलवायला तुम्ही चौघांनी जायचं. दुकानदार म्हणाला, अहो पण लोक काय म्हणतील. आत्या म्हणाली, तेच तर म्हणायला हवं.

मग आम्ही उरलेलं गाव घेतलं. बेकरीत गर्दी होती, तरी ती रांगेत उभी राहिली आणि नंबर आल्यावर पावाच्या पैशांऐवजी ही गोष्ट काउंटरवर ठेवली. बेकरीवालीनं आधी हसून घेतलं, तिला ती थट्टा वाटली. नळावरच्या बायकांनी आपसांत पाहिलं. त्यातली एक म्हणाली, आम्हाला काय करायचंय बाई, आणि तिच्याच डोळ्यांत दिसत होतं की संध्याकाळपर्यंत चार गल्ल्यांत जाईल. आत्यानं तिला, मुद्दाम वाटावं इतक्या सावकाश, पुन्हा एकदा सांगितलं. घरी परतल्यावर आईलाही सांगितलं. आईनं हातातलं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, वन्सं, हे बाहेर सांगायची काय गरज होती? मग तिलाच आठवलं असावं की पंधरा दिवस बाहेर काय काय सांगितलं जात होतं, आणि सांगणाऱ्यांत तीही होती. ती आत निघून गेली.

शेवटचा होता प्रवासी होडीच्या खिडकीवरचा तिकीटवाला. आत्याला खात्री होती की त्याच्या कानावर गेलं असणार, सगळं गाव त्याच्यासमोरून जातं. त्याच्या कानावर काहीच गेलं नव्हतं. कोण नवी, कुठले दगड, त्याला मुळापासून सांगावं लागलं. ज्याच्या लेखी आत्या अजून स्वच्छ होती असा तो एकटाच राहिला होता, आणि त्याच्यासमोर तिला खिडकीच्या गजांतून सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, मागं उतारू खोळंबले असताना. ऐकून झाल्यावर त्यानं फार साधं विचारलं, "मग आता सरळ केलेत का ते दगड?"

"केले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून केले." आत्यानं गज धरले होते. "पण तोवर खालचं मेलं होतं."

तो म्हणाला, अरेरे. खरंच वाईट वाटून म्हणाला. परत येताना आत्या रस्त्यात एका पायरीवर बसली आणि पदर तोंडावर घेतला. मी शेजारी उभी राहिले, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या आणि तिच्या मधे. माझ्यानं तेवढंच झालं.

चौघं नवीकडे गेले का, जिन्यावर काय बोलले, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आत्यानं विचारलं नाही. तिनं आपला दिवा खिळ्याला अडकवून ठेवला. त्या आठवड्यात ती बाहेरच पडली नाही. मग मोठी ओहोटी आली. मी गच्चीवर उभी होते. आत्या खाली जिन्याच्या तोंडाशी, वर येत नव्हती.

"किती दिवे आहेत?" तिनं खालून विचारलं.

लांब, पाणी जिथं असायला हवं होतं तिथं, उजेडाचे ठिपके हलत होते. दोन अगदी जवळजवळ, ती जोडी. एक उंच, तो लंबू. मी बराच वेळ बघत राहिले. चौथा सगळ्यांपासून दूर होता, चिखलाच्या पट्ट्यावर, एका जागी थांबून थांबून पुढं सरकत.

"चार," मी म्हटलं.

"नीट मोज."

"चार आहेत, आत्या."

खाली दाराची कडी लागल्याचा आवाज आला.